ओलेसुंद पायी: क्रूझच्या एका थांब्यात हे शहर कसं बघावं

नॉर्वेच्या क्रूझमध्ये ओलेसुंदचा थांबा असेल, तर त्या दिवसासाठी कुठलीही सफर विकत घेऊ नका. हे शहर पायांनी बघायचं आहे. जहाज जवळजवळ मध्यवस्तीला खेटून लागतं, बघण्यासारखं बहुतेक सगळं वीसेक मिनिटांच्या चालीत येतं आणि रस्ता चुकलात तरी दहा पावलांवर समुद्र दिसतोच. हातात सहा-सात तास असतील तर घाई न करता सगळं होतं.

एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी, नाहीतर ओलेसुंद म्हणजे नुसती रंगीत, देखणी घरं वाटतील. २३ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास, अस्पॉया बेटाच्या पश्चिम भागातल्या एका डबाबंद मालाच्या कारखान्यात आग लागली. नैर्ऋत्येकडून वादळी वारा सुटला होता आणि घरं लाकडाची, एकमेकांना चिकटून उभी होती. सोळा तासांच्या आसपास ती आग चालली. सुमारे साडेआठशे घरं गेली आणि दहा हजार माणसं भर हिवाळ्यात उघड्यावर आली. मृत्यू मात्र एकच झाला: बाहेर पडून पुन्हा घरात शिरलेल्या एका वृद्ध बाईंचा. त्यानंतरच्या तीनेक वर्षांत शहराचा गाभा विटा आणि दगडांनी पुन्हा उभा राहिला आणि तोही त्या काळी युरोपभर गाजत असलेल्या आर्ट नुव्हो शैलीत. जर्मनीत आणि नॉर्वेत तिला 'युगेंड' म्हणतात. सगळं एकाच काळात, एकाच शैलीत बांधलं गेल्यामुळे इथे जी सलगता दिसते ती मोठ्या राजधान्यांतही सहसा दिसत नाही.

म्हणून दिवसभर एकच प्रश्न मनात ठेवून चाला: समोरची इमारत आगीच्या आधीची की नंतरची? रस्त्याची रुंदी, भिंतीचा दगड, उरलेलं एखादं लाकडी गोदाम या सगळ्यांचा अर्थ त्या प्रश्नाने लागत जातो.

आदल्या संध्याकाळची तयारी

जहाजावर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापून किंवा ॲपवर मिळतो. त्यातून तीन गोष्टी टिपून घ्या: धक्क्याचं नाव, जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. परतीची वेळ आणि सुटण्याची वेळ वेगवेगळ्या असतात. जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी शिडी बंद होते, तेव्हा आपण पाळायची ती आधीची वेळ. जहाजाचं घड्याळ आणि नॉर्वेचं घड्याळ एकच आहे ना, तेही बघा. ब्रिटनहून निघालेल्या काही जहाजांवर हा घोळ होतो. मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवायला लागतो, म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवणं उत्तम.

ओलेसुंदचा नकाशा मोबाइलवर उतरवून घ्या, म्हणजे इंटरनेटशिवाय चालेल. त्यावर पाच खुणा करा: तुमचा धक्का, बीपार्कन ही बाग, हेलेब्रुआ हा पूल, युगेंड केंद्र आणि ओलेसुंद चर्च. मोठी क्रूझ जहाजं सहसा शहराच्या दक्षिण अंगाला लागतात. हुर्तिग्रुतेन या नॉर्वेच्या कंपनीच्या किनारी बोटी मात्र उत्तर बाजूच्या स्कान्सेकाया धक्क्याला येतात. दोन्ही ठिकाणांहून मध्यवस्ती काही मिनिटांवर आहे, फक्त चालीची सुरुवात बदलते.

हवामानासाठी 'यर' हे ॲप घ्या. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथलं सरकारी प्रसारण खातं मिळून ही मोफत सेवा चालवतात. तासातासाचा अंदाज मिळतो आणि इथे त्याची खरोखर गरज पडते. सकाळी ऊन, अकराला सरी, दुपारी पुन्हा ऊन हा पश्चिम किनाऱ्याचा रोजचा खेळ. टेकडीवर कधी जायचं ते या अंदाजावर ठरवा.

मोबाइलची एक सूचना: जहाज समुद्रात असताना फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला तर बिल भयंकर येतं. बंदरात उतरेपर्यंत विमान मोड चालू ठेवा.

कागदपत्रं, पैसे, कपडे

भारतीय पासपोर्टवर नॉर्वेत उतरायला शेंगेन व्हिसा लागतो. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. क्रूझ साउथहॅम्प्टनसारख्या ब्रिटिश बंदरातून सुटत असेल तर ब्रिटनचा व्हिसाही लागतो. जहाज मध्येच शेंगेनबाहेर जाऊन परत येणार असेल, तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागून घ्या. खाली उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि फोनमध्ये व्हिसाचा फोटो एवढं जवळ असू द्या. मूळ पासपोर्ट बरोबर ठेवायचा की केबिनच्या तिजोरीत, हे जहाजावर विचारून ठरवा.

नोटा बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. कॉफीपासून सार्वजनिक शौचालयापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. परदेशी व्यवहारांसाठी कार्ड सुरू करून घेतलंय ना, हे घरून निघण्याआधीच बघा. पाण्याची बाटली भरून घ्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या, विकतच्या पाण्यावर पैसे घालवायचं कारण नाही.

कपड्यांबाबत आपल्याकडचा माणूस दोन टोकं गाठतो: एक तर नॉर्वे म्हणून हिमालयातल्यासारखं जाडजूड जाकीट, नाहीतर जून आहे म्हणून नुसता टीशर्ट. जूनमध्येही इथे दुपारचं तापमान बऱ्याचदा पंधरा अंशांच्या आसपासच असतं आणि वारा बोचतो. एक सुती किंवा लोकरीचा थर, त्यावर पातळ स्वेटर आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जाकीट घ्या. छत्री जहाजावरच राहू द्या, समुद्रावरच्या वाऱ्यात ती उलटते. बुटांचा तळ घसरणारा नको, कारण पहिलीच वाट पायऱ्यांची आहे.

आधी टेकडी चढा

धक्क्यावरून बाहेर पडलात की धक्क्याच्या नावाच्या पाटीचा फोटो काढा आणि वर बघा. शहराच्या पूर्वेला जी उभी टेकडी दिसते ती आक्सला. सगळ्यात आधी तिच्यावर जायचं. कारणं दोन. बस-सफरींची गर्दी वर पोचायच्या आधी जागा निवांत मिळते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: वरून शहराचा आराखडा एकदा डोळ्यांत बसला की खाली नकाशा काढावाच लागत नाही.

धक्क्यावरून पूर्वेकडे चालत बीपार्कन या बागेत या. तिथूनच पायऱ्या सुरू होतात. वरच्या सज्जापर्यंत ४१८ पायऱ्या आहेत. मधे थांबायला जागा आहेत आणि प्रत्येक वळणावर दृश्य उघडत जातं. सवय असेल तर वीस मिनिटं, दम खात गेलात तर चाळीस. पाऊस पडून गेला असेल तर उतरताना कठड्याला धरून उतरा. आई-बाबा बरोबर असतील आणि गुडघे साथ देत नसतील तर हट्ट धरू नका. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, टॅक्सी जाते आणि उन्हाळ्यात पर्यटकांची छोटी रस्त्यावरची गाडीही जाते. त्यांना वर सोडायला सांगा, तुम्ही पायऱ्यांनी या आणि वर भेटा.

वर पोचलात की लगेच फोटो काढू नका. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. तोंड पश्चिमेला करा. खाली समुद्रात जिभेसारखं घुसलेलं शहर दिसेल आणि त्याला मधोमध कापणारी पाण्याची एक अरुंद पट्टी. ती ब्रोसुंदेत. तिच्या अलीकडचं बेट नोर्व्हॉया, पलीकडचं अस्पॉया. आग लागली अस्पॉयाच्या तिकडच्या बाजूला. वारा तिथून तुमच्या दिशेने वाहत होता. म्हणजे तुम्ही उभे आहात त्या टेकडीच्या पायथ्याकडे ज्वाळा सरकत आल्या आणि पाण्याची ती पट्टी त्यांना थोपवू शकली नाही. आता छपरं बघा. मनोरे, टोकदार कळस, एकमेकांशी मिळतीजुळती उंची. तो सगळा दाट पुंजका १९०४ नंतरचा.

मग नजर लांब न्या. पश्चिमेला हेसा बेटावरचा सुळका म्हणजे सुक्केरतोप्पेन. वायव्येला समुद्रात गिस्के, गोदॉया ही बेटं. गिस्केचं नाव लक्षात ठेवा, खाली बागेत त्याचा संबंध येतो. आग्नेयेला सुन्मोरे आल्प्सची रांग. तिच्यावर जूनमध्येही बर्फ असतं.

ढग खाली उतरलेले असतील तर मात्र चढू नका, वर धुक्याशिवाय काही दिसणार नाही. आधी गल्ल्या आणि संग्रहालयं उरका आणि उघाड पडली की टेकडीकडे वळा. दुपारी उजेड जाईल ही भीती बाळगू नका. जूनअखेर इथे सूर्य रात्री अकरानंतर मावळतो.

बागेतले दोघे

उतरल्यावर बागेत दहा मिनिटं द्या. इथे गांगे-रोल्व्ह म्हणजे रोलोचा पुतळा आहे. फ्रान्सच्या उत्तरेला ९११ साली ज्याच्या हाती नॉर्मंडीचा प्रदेश आला, तोच हा व्हायकिंग सरदार. तो मूळचा गिस्के बेटावरचा, असं इथली माणसं मानतात. नॉर्मंडीला हजार वर्षं पूर्ण झाली तेव्हा, १९११ मध्ये, फ्रान्सच्या रुआं शहराने त्यांच्याकडच्या पुतळ्याची ही प्रतिकृती ओलेसुंदला भेट दिली.

दुसरं स्मारक जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मचं. तो उन्हाळ्यात इथल्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांत, जहाजातून भटकायला येत असे. शहर जळाल्याचं कळताच त्याने अन्न, औषधं, पांघरुणं आणि बांधकामाचं सामान भरलेली चार जहाजं धाडली. पुढे पहिल्या महायुद्धामुळे जगभर त्याचं नाव वाईट झालं, तरी ओलेसुंदने मुख्य रस्त्याचं नाव बदललं नाही. आजही तो कायसर विल्हेल्म्स गाता आहे. संकटात पहिली मदत कुणी पाठवली हे गाव विसरत नाही, ही गोष्ट मला मनापासून भावते.

गल्ल्या: नजर तळमजल्याच्या वर

बागेतून पश्चिमेकडे निघा. कोंगेन्स गाता हा पादचाऱ्यांचा रस्ता आहे, तिथून उतरत उतरत हेलेब्रुआ पुलापर्यंत या. इथे एक सवय लावून घ्या. तळमजल्याकडे बघू नका. तिथे कुठल्याही युरोपीय शहरात असतात तशीच कपड्यांची आणि चष्म्यांची दुकानं आहेत. खरं शहर त्यांच्या पाट्यांच्या वर सुरू होतं. खिडक्यांच्या कमानी, कोपऱ्यावरचे गोल बुरूज, दारांवरच्या पानवेली, मोकळ्या केसांचे दगडी चेहरे. मधेच व्हायकिंग काळातल्यासारखे ड्रॅगन आणि गुंतलेल्या वेलींची नक्षी दिसेल. ती उगाच आलेली नाही. ही घरं बांधली जात असतानाच, १९०५ मध्ये, नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. वास्तुरचनाकार बरेचसे जर्मनीत शिकून आलेले तरुण होते, त्यामुळे शैली युरोपची आली आणि अलंकार आपल्या मातीतला घ्यावा हा आग्रह त्या दिवसांतला.

कुठलंही एक घर निवडा आणि त्याला पूर्ण पाच मिनिटं द्या. पायाशी ओबडधोबड, जाड दगड असतो. त्यावर गुळगुळीत गिलावा, फिकट पिवळा, गुलाबी किंवा करडा. मग नक्षी आणि शेवटी टोकदार छप्पर. या दगड-विटांमागे कायदाही आहे. या आगीनंतर १९०४ मध्येच नॉर्वेने शहरांच्या दाट भागात पक्क्या, न जळणाऱ्या बांधकामाची सक्ती केली. म्हणजे ओलेसुंदच्या राखेतून देशभरातल्या शहरांचा चेहरा बदलला.

पुलावर दोन्ही बाजूंना बघा. ब्रोसुंदेतच्या काठाची घरं थेट पाण्यातून वर आलेली आहेत, कारण ती मुळात मासळीची गोदामं. होडी दाराशी लागायची आणि माल तसाच आत चढायचा. उन्हाळ्यात कडेच्या कंगोऱ्यांवर आणि खिडक्यांच्या पट्ट्यांवर पांढऱ्या पक्ष्यांची गर्दी दिसेल. हे किट्टीवेक, समुद्री कुरवाच्या कुळातले. कड्यांवर घरटी करणारे हे पक्षी इथे इमारतींनाच कडे मानून राहतात. त्यांची संख्या नॉर्वेत घटत चालली आहे, म्हणून त्यांचा कलकलाट आनंदाने ऐका. फक्त त्यांच्या बरोबर खाली उभे राहू नका.

युगेंड केंद्र: एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर इथे

पूल ओलांडून अपोतेकरगाता गाठा. चौकात कोळ्याच्या पोराचा पुतळा आहे. जवळच कोपऱ्यावर स्वान औषधालयाची जुनी इमारत उभी आहे. ती १९०७ मध्ये बांधली. रचनाकार हागबार्थ श्यूत-बर्ग. २००३ पासून इथे युगेंड शैलीचं केंद्र आहे.

आत शिरताच खालचं औषधालय दिसतं. गडद लाकडाचं कोरीव फर्निचर, ओळीने खण आणि कप्पे, गल्ल्याच्या जागी घडवलेलं उंच काउंटर. तिथे जरा रेंगाळा. घर जळाल्यावर कुणी चार भिंती आणि छप्पर यावर समाधान मानलं असतं. इथे औषधांच्या खणांच्या मुठींपर्यंत सुबकपणा जपलेला आहे. वरच्या मजल्यावर औषधवाल्याच्या कुटुंबाची जेवणाची खोली मूळ रूपात राखलेली आहे. आगीची आणि पुनर्बांधणीची कहाणी सांगणारं दालनही आहे. टेकडीवरून आराखडा आधी पाहिलेला असेल तर तिथलं सगळं चटकन उलगडतं. तासभर लागेल. पाऊस आला तर तो तास इथेच काढा.

जे जळलं नाही ते

इथून उत्तरेकडे मोलोवेगेन या रस्त्याला लागा. बहुतेक प्रवासी इकडे येत नाहीत आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. काही मिनिटांत दगडी मनोरे संपतात आणि बुटकी लाकडी घरं, गोदामं लागतात. सकाळपासून मनात ठेवलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर इथे मिळतं: हे आगीच्या आधीचं ओलेसुंद. होल्मबुआ हे १८६१ चं गोदाम आगीतून वाचलं आणि आता तिथे मच्छीमारीचं संग्रहालय आहे. फळ्यांना खाऱ्या मासळीचा आणि डांबराचा वास अजून आहे. दोराच्या गुंडाळ्या, पिंपं, जाळी पाहताना लक्षात येतं की वर पाहिलेली ती नक्षी मासळीच्या पैशांतून उभी राहिली.

ती मासळी म्हणजे मुख्यतः क्लिपफिस्क, खारवून वाळवलेला कॉड. ओलेसुंद या व्यापाराचं जगातलं मोठं केंद्र आहे. इथून माल पोर्तुगाल, ब्राझीलला जातो. गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या स्वयंपाकात जो बाकाल्याव असतो, तो याच जातीचा खारा कॉड. सुका बोंबील आणि खारा बांगडा ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे संग्रहालय समजावून सांगावं लागणार नाही.

रस्त्याच्या टोकाजवळ बंदराच्या बांधावर छोटं लाल दीपगृह दिसतं. ते आता एका हॉटेलची खोली क्रमांक ४७ आहे, तेव्हा दाराशी जाऊन डोकावू नका. बाहेरून पाहा आणि मागे फिरा.

परतताना किर्केगाता घ्या. युगेंड घरांची सर्वात सलग ओळ इथे मिळते. तिच्या शेवटी १९०९ चं ओलेसुंद चर्च आहे. बाहेरून ते जड आणि गंभीर वाटतं, आत मात्र कमानीवर एनेव्होल्ड थोम्त यांची भित्तिचित्रं रंगांनी भरलेली आहेत. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

पोटोबा

मासे खात असाल तर 'बाकालाओ' मागा: क्लिपफिस्क, बटाटा, कांदा आणि टोमॅटोचा रस्सा. फिशसूपही छान मिळतं. गोड हवं असेल तर स्वेले. या भागातल्या फेरीबोटींवर मिळणारा जाडसर, मऊ पॅनकेक, लोणी आणि साखर किंवा तपकिरी चीज घालून दुमडलेला. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शाकाहाऱ्यांसाठी सोपा उपाय म्हणजे किराणा दुकान: रेमा १०००, किवी किंवा कूप. ब्रेड, चीज, फळं, दही घ्या आणि ब्रोसुंदेतच्या काठावर बसा. हॉटेलातलं साधं जेवणही रुपयांत मोजलं तर महाग पडतं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, लहान किराणा आणि पर्यटकांची काही दुकानं तेवढी उघडी.

जहाज दुसऱ्या बंदरात लागलं तर

हवामानामुळे थांबे बदलतात. तरी हीच पद्धत चालते, कारण नॉर्वेच्या जुन्या शहरांना आगीनेच आकार दिलेला आहे. बर्गनमध्ये १७०२ च्या आगीनंतर ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं जुन्याच आखणीवर परत बांधली गेली आणि मध्यभागाचे प्रशस्त चौक १९१६ च्या आगीनंतरचे. तिथे आधी फ्लोयेन टेकडीवर जा, रेल्वे आहे. त्रोन्हाइममध्ये १६८१ च्या आगीनंतर सिसिन्योन या अधिकाऱ्याने मुद्दाम रुंद रस्ते आखले, आग पलीकडे उडू नये म्हणून. स्तावांगरला जुनी पांढरी लाकडी वस्ती धक्क्याच्या अगदी वरच्या अंगालाच आहे.

परत फिरताना

शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्याकडे वळा. चर्चपासून धक्का पायी वीसेक मिनिटांवर आहे. उरलेला वेळ शिडीवरच्या रांगेसाठी आणि तपासणीसाठी. झेब्रा पट्टीवर गाड्या थांबतात, पण इलेक्ट्रिक स्कूटर मागून आवाज न करता येतात, म्हणून फोटो काढताना फुटपाथच्या मधे उभे राहू नका.

कुणाला लागलं-खुपलं तर रुग्णवाहिकेसाठी ११३, पोलिसांसाठी ११२. उशीर होतोय असं दिसलं तर धावत सुटण्याआधी एजंटला फोन करा, नाव, केबिन क्रमांक आणि तुम्ही कुठे आहात ते सांगा. जहाज थांबेलच असं नाही, पण पुढच्या बंदरात त्याला कसं गाठायचं ते ठरवायला हाच माणूस मदत करतो.